कॉम्प्युटर स्लो झालाय? क्लीनर टाकण्याआधी हे वाचा

जून उजाडला की तालुक्यातल्या सेवा केंद्रांवर गर्दी वाढते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, त्यातच खरिपाचा पीकविमा. बाहेर रांग लागलेली असते आणि आत कॉम्प्युटरवर नुसते गोल चक्र फिरत राहते. दूध संकलन केंद्रावर बिलाच्या दिवशी, शाळेत निकालाच्या आठवड्यात, खताच्या दुकानात जीएसटीच्या तारखेला हीच गत. मग रांगेतलाच कोणीतरी सांगतो, "एखादा क्लीनर टाका, मशीन पळायला लागेल."

क्लीनर म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नको असलेल्या फाइल शोधून पुसणारे सॉफ्टवेअर. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. कॉम्प्युटरची सफाई लागतेच. पण त्यासाठी जे लागते, ते बहुतेक सगळे विंडोजमध्येच फुकट असते. आणि मशीन स्लो होण्याचे कारण दर वेळी कचराच असते असेही नाही.

खरा धोका सफाई कमी पडण्याचा नसून जास्त होण्याचा आहे. खुरपणीला नवखा माणूस लावला तर तणाबरोबर पीकही उपटून येते, तसेच इथे होते. एक बटण दाबले, दहा जीबी जागा मोकळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी कळते की लोकांच्या अर्जांच्या पावत्या त्या दहा जीबीतच होत्या. म्हणून काय पुसायचे, काय नाही आणि कशाने पुसायचे, हे आधी समजून घेतलेले बरे.

कचरा म्हणजे नेमके काय?

आपण कॉम्प्युटरवर काम करतो तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या सोयीसाठी काही तात्पुरत्या फाइल तयार करतो. त्यांना टेम्पररी किंवा टेम्प फाइल म्हणतात. काम संपल्यावर त्या निघून जायला हव्यात. पण प्रोग्रॅम मध्येच बंद पडला किंवा लाइट गेली तर त्या तशाच पडून राहतात. याशिवाय साठणाऱ्या गोष्टी अशा:

– ब्राउझरची कॅशे, म्हणजे उघडलेल्या वेबसाइटची चित्रे आणि इतर भाग. पुढच्या वेळी साइट लवकर उघडावी म्हणून ब्राउझर ते साठवून ठेवतो.
– विंडोज अपडेट झाल्यावर मागे राहिलेल्या जुन्या फाइल.
– फोटोंच्या छोट्या प्रतिमा, म्हणजे थंबनेल.
– रिसायकल बिनमध्ये टाकलेल्या फाइल. डिलीट केले तरी बिन रिकामा करेपर्यंत त्या डिस्कवरच असतात.
– मोठे अपडेट झाले की तयार होणारा 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर. यात आधीची पूर्ण विंडोज असते आणि तो अनेकदा दहा-वीस जीबी जागा खातो.

या सगळ्याने डिस्कवरची जागा जाते, पण तेवढ्याने वेग जातोच असे नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर ३०० जीबी मोकळी असेल, तर पाच जीबी टेम्प फाइल पुसून मशीनला काही फरक पडत नाही. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला असेल तर मात्र पडतो. विंडोजला स्वतःच्या कामासाठी मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही की अपडेट अडते, प्रोग्रॅम हँग होतात, कधी फाइल सेव्हच होत नाही. सी ड्राइव्हचा पाचवा-सहावा हिस्सा तरी मोकळा असावा, हा साधा हिशेब लक्षात ठेवावा.

आधी रिस्टार्ट, मग निदान

कोणतेही सॉफ्टवेअर टाकण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. दोन्ही फुकट आहेत.

पहिली, मशीन रिस्टार्ट करणे. 'आम्ही तर रोज बंद करतो' असे बरेच जण म्हणतात. पण शट डाउन आणि रिस्टार्ट यांत फरक आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होते. त्यामुळे आत अडकलेले काही तसेच राहू शकते. रिस्टार्ट केल्यावर सगळे नव्याने सुरू होते. आठवड्यातून दोनदा मुद्दाम रिस्टार्ट केले तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरी, टास्क मॅनेजर उघडून बघणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. कोणता आकडा सारखा नव्वद-शंभर टक्क्यांवर राहतो ते बघावे. मेमरी भरलेली असेल तर एका वेळी उघडलेले प्रोग्रॅम आणि ब्राउझरचे टॅब जास्त झालेत किंवा रॅम कमी पडते. डिस्क सारखी शंभर टक्के दाखवत असेल तर एक तर मागे अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू आहे, किंवा डिस्कच जुनी आणि मंद आहे. यातले एकही दुखणे कचरा काढून बरे होत नाही.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. मशीन सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिथे मिळते. प्रिंटरचा मदतनीस, दोन-तीन अपडेटर, व्हिडिओ कॉलचे अ‍ॅप, कधीकाळी टाकलेले गाण्याचे सॉफ्टवेअर, सगळे तिथे ठाण मांडून बसलेले असते. नको त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करावे. याने प्रोग्रॅम जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटिव्हायरस आणि डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर मात्र चालू ठेवावे. ज्याचे नावच ओळखीचे नाही, त्याची आधी चौकशी करावी.

झाडू विंडोजमध्येच आहे

विंडोजमध्ये सफाईची दोन साधने आधीपासून असतात.

'डिस्क क्लीनअप' हे जुने साधन विंडोज ९८ पासून आहे आणि विंडोज ११ मध्येही सापडते. स्टार्टमध्ये त्याचे नाव टाइप केले की येते. सी ड्राइव्ह निवडला की कशाने किती जागा खाल्ली त्याची यादी मिळते. 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हे बटण दाबल्यावर जुन्या अपडेटच्या फाइलही यादीत येतात. खरी जागा बहुधा तिथेच अडकलेली असते.

'स्टोरेज सेन्स' हे नवे साधन विंडोज १० मध्ये आले. सेटिंग्ज, मग सिस्टम, मग स्टोरेज असे गेले की सापडते. चालू करून ठेवले तर ते ठरावीक दिवसांनी आपोआप टेम्प फाइल काढते आणि रिसायकल बिनमधल्या जुन्या फाइल पुसते. बिनसाठी नेहमीची मुदत ३० दिवसांची असते, ती बदलता येते.

टेम्प फाइल हाताने काढायच्या असतील तर विंडोजचे बटण आणि आर दाबावे. येणाऱ्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, त्याला जोडून इंग्रजीत टेम्प आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह टाइप करून एंटर मारावे. उघडलेल्या फोल्डरमधले सगळे निवडून डिलीट करता येते. काही फाइल वापरात असल्याने जात नाहीत, त्या 'स्किप' कराव्यात. हे काम सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर करावे. अर्धवट काम उघडे असताना करू नये.

'विंडोज डॉट ओल्ड' पुसण्याआधी थोडे थांबावे. मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर किंवा बोटाच्या ठशाचे मशीन चालेनासे झाले, तर आधीच्या विंडोजवर परत जायला हाच फोल्डर लागतो. साधारण दहा दिवसांनी विंडोज तो स्वतःच काढून टाकते. जागेची अगदीच नड नसेल तर घाई नको.

आणि एक गावाकडची गोष्ट. सफाई चालू असताना लाइट जाणार नाही याची काळजी घ्यावी. यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळावी. अपडेटच्या फाइल काढताना मशीन मध्येच बंद पडले तर नसती भानगड होऊन बसते.

डाउनलोड्स फोल्डर: इथे हात जपून

सगळ्यात जास्त नुकसान होते ते इथे. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून आलेली कागदपत्रे, सातबाराचे पीडीएफ, विम्याच्या पावत्या, परीक्षेची हॉलतिकिटे, सगळे डाउनलोड्समध्येच पडते आणि तिथेच राहते. आपल्याकडे तो फोल्डर म्हणजे फाइलचे कपाट होऊन बसला आहे. सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नजरेत मात्र तो तात्पुरता साठा असतो.

हा घोळ खुद्द मायक्रोसॉफ्टकडूनही झाला. विंडोज १० च्या २०१८ सालच्या शेवटच्या मोठ्या अपडेटमध्ये डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स फोल्डर टाकला गेला. नेहमीच्या सवयीने सगळ्या चौकटींवर टिक करणाऱ्यांच्या फाइल त्यात गेल्या. २०२० च्या अपडेटमध्ये तो या यादीतून काढला. पण सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत डाउनलोड्स अजूनही दिसतो. त्यावर आपोआप टिक नसते, पण 'सगळेच निवडू' म्हणणाऱ्याच्या हातून ती होते. स्टोरेज सेन्समध्येही 'डाउनलोड्समधल्या इतक्या दिवसांत न उघडलेल्या फाइल पुसा' असा पर्याय आहे. तो 'नेव्हर'वरच ठेवावा.

यावर उपाय साधा आहे. डाउनलोड्स हे कपाट नाही, उंबरठा आहे असे समजावे. फाइल आली की कामाची असेल तर लगेच नाव बदलून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावी. वर्ष, योजना, गाव असे फोल्डर केले तर शोधायलाही बरे पडते. शक्य असेल तर हे फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवावेत. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर सी ड्राइव्ह पुसला जातो, डी बहुधा वाचतो. मात्र डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

टॅली किंवा दूध संकलनाचे सॉफ्टवेअर आपला डेटा कोणत्या फोल्डरमध्ये ठेवते, हे ते बसवणाऱ्याकडून विचारून वहीत लिहून ठेवावे. सफाईआधी तो फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करावा. उत्पादकांच्या लिटर-फॅटच्या नोंदी गेल्या तर त्या कोणत्याही क्लीनरने परत येत नाहीत, आणि बिलाच्या दिवशी गावाला तोंड द्यावे लागते ते केंद्रचालकाला.

रजिस्ट्रीच्या वाटेला जाऊ नये

बऱ्याच क्लीनरमध्ये 'रजिस्ट्री क्लीनर' नावाचा भाग असतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कोणते यंत्र जोडले आहे, कोणती फाइल कशात उघडायची, याच्या लाखो नोंदी त्यात असतात. प्रोग्रॅम काढला तरी काही नोंदी मागे राहतात. त्या काढल्या की मशीन पळेल, असा दावा केला जातो.

पण या नोंदी आकाराने अगदी छोट्या असतात. शे-पाचशे काढल्या तरी वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. उलट एखादी लागणारी नोंद गेली तर प्रिंटर, बोटाच्या ठशाचे मशीन किंवा सहीचे टोकन ओळखू न येणे, प्रोग्रॅम न उघडणे असे प्रकार होऊ शकतात. कधी विंडोजच नव्याने टाकायची वेळ येते. मायक्रोसॉफ्टनेही आपली भूमिका जाहीर करून ठेवली आहे की कंपनी रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला पाठबळ देत नाही. सातबारावर एक जादा रेघ आहे म्हणून कोणी तलाठ्याचे दप्तर खोडत बसत नाही. इथेही तेच.

बाहेरचे क्लीनर: सीक्लीनरची गोष्ट

बाहेरच्या क्लीनरमध्ये सगळ्यात जास्त चाललेले नाव सीक्लीनर. लंडनच्या पिरिफॉर्म कंपनीने ते २००४ मध्ये आणले. सुरुवातीचे नाव 'क्रॅप क्लीनर', म्हणजे सरळ घाण काढणारा. फुकट, छोटे आणि वापरायला सोपे असल्याने ते जगभर पसरले. जुलै २०१७ मध्ये पिरिफॉर्म ही अँटिव्हायरस बनवणाऱ्या अवास्टने विकत घेतली. अवास्ट आता जेन डिजिटल या कंपनीत आहे.

त्याच वर्षी मोठा प्रकार झाला. चोरट्यांनी कंपनीच्या यंत्रणेत शिरून सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच घातक कोड मिसळला. ऑगस्टमध्ये ही आवृत्ती कंपनीच्याच अधिकृत जागेवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी लोकांच्या कॉम्प्युटरवर गेली. सप्टेंबरमध्ये प्रकार उघड झाला, तोवर सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांकडे ती पोचली होती. चोरट्यांचा खरा डोळा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता, त्यामुळे पुढचा हल्ला मोजक्याच मशीनवर झाला. पुढे दुरुस्त आवृत्ती आली आणि सीक्लीनर आजही वापरले जाते.

यातून एक गोष्ट समजते. सफाईच्या सॉफ्टवेअरला आपण पूर्ण मशीनची किल्ली देतो. ते काहीही वाचू शकते, काहीही पुसू शकते. त्यामुळे असे सॉफ्टवेअर जितके कमी तितके चांगले, आणि टाकायचेच असेल तर एकच, तेही मूळ कंपनीच्या साइटवरून. ब्लीचबिट हे खुल्या स्रोताचे क्लीनरही फुकट मिळते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. पण त्यातही काय पुसायचे याच्या चौकटी आपल्यालाच निवडायच्या असतात. वाचल्याशिवाय टिक करू नये.

पेनड्राइव्हमधून हातोहात फिरणारे 'क्रॅक' केलेले 'प्रो' क्लीनर तर अजिबात घेऊ नये. पैसे वाचवायला गेलो आणि व्हायरस घरात आणला, असे होते.

पुण्यातल्या अँटिव्हायरसमधला ट्यूनर

आपल्या भागात अनेक दुकानांत आणि कार्यालयांत क्विक हील हा अँटिव्हायरस दिसतो. ही पुण्याची कंपनी. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. त्यांचे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस तयार केला. या कंपनीच्या टोटल सिक्युरिटी या संचात 'पीसी ट्यूनर' नावाचे सफाईचे साधन येते. टेम्प फाइल काढणे, एकाच फाइलच्या दोन-दोन प्रती शोधणे अशी कामे ते करते. ज्यांनी हा संच आधीच विकत घेतला आहे त्यांनी आणखी वेगळा क्लीनर शोधत बसायचे कारण नाही. त्यातही रजिस्ट्रीचा भाग आहे, तो सोडून द्यावा.

एका मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस मात्र टाकू नयेत. दोघे एकमेकांवर पहारा देत बसतात आणि काम करणाऱ्याचे मशीन ठप्प होते. वेगळा घेतला नसेल तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू असतोच. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले आहे. घुसखोर प्रोग्रॅम काढण्याची मोफत साधने तिथे मिळतात.

घाबरवून विकणाऱ्यांपासून सावध

वेबसाइट बघताना अचानक लाल चौकट येते. 'तुमच्या पीसीत शेकडो एरर आहेत, लगेच दुरुस्त करा.' खाली बटण असते किंवा फोन नंबर. बटण दाबले की क्लीनर उतरतो, फुकट तपासणी करून भली मोठी यादी दाखवतो आणि दुरुस्तीचे पैसे मागतो. यादीतल्या 'एरर' म्हणजे बहुतेक वेळा साध्या कुकीज आणि टेम्प फाइल असतात.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत ग्राहकांच्या कॉम्प्युटरची 'मोफत तपासणी' केली जायची. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असत, मशीन स्लो आहे का, अशा धर्तीचे. त्यातल्या एकावर जरी 'हो' अशी टिक झाली तरी कॉम्प्युटरमध्ये घातक सॉफ्टवेअरची लक्षणे आहेत असा निकाल यायचा, तपासणीत काही सापडो वा ना सापडो. तिथल्या व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरायचे मान्य केले. मायक्रोसॉफ्टनेही मार्च २०१८ पासून, लोकांना घाबरवून पैसे काढणाऱ्या अशा क्लीनरना नको असलेले सॉफ्टवेअर धरून डिफेंडरमार्फत काढायला सुरुवात केली.

अशी चौकट आली तर त्यावरचा नंबर लावू नये, ब्राउझरच बंद करावा. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून करावा. कोणी फोनवर गोड बोलून मशीनचा ताबा देणारे अ‍ॅप टाकायला सांगितले तर टाकू नये. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

ब्राउझरची सफाई रोज नको

सरकारी पोर्टल अडकले की 'कॅशे क्लिअर करा' असे सांगितले जाते. ते बरोबर आहे. जुना साठवलेला भाग नव्या साइटशी जुळत नसेल तर त्याने प्रश्न सुटतो. पण रोज सवयीने पुसले तर उलटे होते. प्रत्येक साइट पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. जिथे रेंज रडतखडत येते तिथे त्याने वेग वाढत नाही, कमीच होतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबले की ब्राउझरमध्ये सफाईची चौकट येते. त्यात 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' एवढ्यावरच टिक ठेवावी. 'कुकीज'वर टिक केली तर सगळीकडून लॉगआउट होते. 'पासवर्ड्स'वर केली तर साठवलेले पासवर्ड जातात. मागे कितीपासूनचे पुसायचे, तो कालावधीही वर निवडता येतो.

दुसऱ्यांची कागदपत्रे पुसणे हीसुद्धा सफाईच

आतापर्यंत जपून पुसण्याबद्दल झाले. एक गोष्ट मात्र न चुकता पुसली पाहिजे. सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे अशा ठिकाणी लोक आधार, पॅन, पासबुक, जमिनीचे कागद घेऊन येतात. स्कॅन होते, प्रिंट निघते आणि प्रत मशीनवर राहते. महिन्याभरात शेकडो जणांचे आधार एका डाउनलोड्स फोल्डरमध्ये जमते. मशीन दुरुस्तीला गेले, विकले गेले किंवा त्यात व्हायरस शिरला, तर हे सगळे परक्याच्या हातात पडते.

काम झाले की समोरच्याला विचारून त्याची फाइल पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा. नाहीतर फाइल तिथेच असते. शिफ्ट धरून डिलीट दाबले तर फाइल बिनमध्ये न जाता थेट जाते. सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवले तर काम झाल्यावर प्रत पुसावी, असे आधार प्राधिकरणही सांगते. ग्राहकानेही लाजू नये. "दादा, माझे आधार काढून टाका" एवढे समोर उभे राहून म्हणावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असेल तर तिथूनही काढायला सांगावे.

चुकून गेलेच तर

कामाची फाइल चुकून पुसली तर पहिले काम म्हणजे हात थांबवणे. आधी रिसायकल बिन बघावा. तिथे असेल तर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' करावे. नसेल तर त्या मशीनवर नवीन काही उतरवू नये, सॉफ्टवेअर टाकू नये. जुन्या हार्डडिस्कवर फाइल पुसली तरी त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. एसएसडी असेल तर विंडोज ती जागा लवकरच आतून मोकळी करून टाकते, त्यामुळे शक्यता फार कमी. अशा वेळी मशीन बंद करून जाणकाराकडे न्यावे. बॅकअप असेल तर यातले काहीच करावे लागत नाही.

साफ करूनही स्लोच असेल तर

जागा मोकळी आहे, स्टार्टअप आवरला आहे, व्हायरस नाही, तरी मशीन रडतेच आहे, तर दुखणे सॉफ्टवेअरचे नाही. आठ-दहा वर्षांच्या मशीनमध्ये फिरणारी हार्डडिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर तेच मशीन ओळखू येत नाही इतका फरक पडतो. चार जीबी रॅम असेल तर ती आठ करून घ्यावी. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर सफाईच्या फंदात न पडता आधी डेटा दुसरीकडे काढावा. एसएसडी असलेल्या मशीनवर बाहेरचे डीफ्रॅग सॉफ्टवेअर चालवू नये. तिची लागेल ती देखभाल विंडोज स्वतः करते.

खरीखुरी धूळही विसरू नये. फुफाट्याच्या रस्त्याकडेला किंवा पिठाच्या गिरणीशेजारी असलेल्या दुकानात कॅबिनेटचा पंखा धुळीने भरतो. मशीन तापते आणि तापले की स्वतःहून वेग कमी करते. बंद करून, वायर काढून, ब्लोअरने धूळ उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नवे सुरक्षा अपडेट मिळत नसतील तर कितीही सफाई केली तरी दार उघडेच राहते. मशीन विंडोज ११ ला चालते का, हे तपासून घ्यावे.

लक्षात ठेवायचे वेळापत्रक

– रोज: डाउनलोड्समधल्या कामाच्या फाइल योग्य फोल्डरमध्ये हलवणे, लोकांची कागदपत्रे पुसणे.
– आठवड्याला: एक-दोनदा रिस्टार्ट, कामाच्या डेटाची बाहेरच्या डिस्कवर प्रत.
– महिन्याला: डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेजमधून टेम्प फाइल काढणे. डाउनलोड्सवर टिक नाही ना, हे बघूनच.
– तीन महिन्यांना: न लागणारे प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करणे, स्टार्टअपची यादी बघणे, धूळ काढणे.
– कधीच नाही: रजिस्ट्री क्लीनर, क्रॅक केलेले सॉफ्टवेअर, लाल चौकटीतला फोन नंबर.

या सगळ्याला महिन्याकाठी तासभरही लागत नाही आणि एक रुपया खर्च होत नाही. जूनच्या गर्दीची वाट न बघता उन्हाळ्यातच हे उरकले, तर ऐन हंगामात रांगेतल्या माणसाला "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" असे सांगायची वेळ निदान आपल्या मशीनमुळे तरी येणार नाही.